घरी बांधलेलं बेस कॅबिनेट: सीएनसी राउटरवर कापलेला बारा इंची खोका (हिशेब, चुका, मोजणी)

मंद्रसप्तक (पुणे) | शनिवार, रात्री ९:४०

नमस्कार मंडळी. तीन वर्षं बेस गिटार वाजवतोय. घरचा सराव हेडफोनवर भागतो, पण चौघं एकत्र बसलो की ड्रमपुढे माझा आवाज बुडतो. तयार कॅबिनेट खिशाला झेपेना, म्हणून बारा इंची वूफर (खालच्या स्वरांचा स्पीकर) घेतला आणि त्याचा खोका, म्हणजे कॅबिनेट, सीएनसी राउटरवर (संगणकातल्या रेखाचित्राप्रमाणे लाकूड कापणारं मशीन) फळ्या कापून स्वतः बांधायचं ठरवलं. आज दुसरा खोका पूर्ण झाला आणि मनासारखा वाजला. पहिला वाजला नाही. दोन्हींची हकीकत लिहितो, म्हणजे पुढच्या माणसाची एक शीट तरी वाचेल.

आधी हिशेब. वूफरबरोबरच्या कागदावर बरेच आकडे असतात, पण खोक्यासाठी तीन पुरतात. पहिला एफएस: मोकळ्या हवेत पडदा स्वतःहून ज्या कंपनाला डोलतो ते. दुसरा व्हीएएस: पडद्याच्या लवचिकपणाची बरोबरी करणारी हवा किती लिटर. तिसरा क्यूटीएस: एकदा डोलायला लागलेला पडदा किती लवकर शांत होतो. या आकड्यांवरून खोका ठरवण्याची रीत ऑस्ट्रेलियात तयार झाली. नेव्हिल थील यांनी १९६१ मध्ये ती मांडली आणि सिडनी विद्यापीठातल्या रिचर्ड स्मॉल यांनी १९७२-७३ च्या लेखांतून पुढे नेली. त्याआधी खोके बहुतेक अंदाजाने बांधले जायचे. आज मोबाइलवरचं फुकट कॅल्क्युलेटरही तेच गणित करतं.

माझ्या वूफरचे आकडे: एफएस ४६ हर्ट्झ (सेकंदाला ४६ कंपनं), व्हीएएस ८५ लिटर, क्यूटीएस ०.३८. हे नशिबाने फार सोयीचं निघालं. क्यूटीएस ०.३८ च्या आसपास असेल तर पोर्टवाल्या (बाहेर उघडणारी नळी असलेल्या) खोक्याचा हिशेब तोंडी होतो: व्हीएएसला १.४१ ने भागा, म्हणजे ६० लिटर, आणि पोर्ट एफएसवरच, म्हणजे ४६ हर्ट्झवर लावा.

हे ६० लिटर निव्वळ हवेचे. वूफरची पाठ साधारण २.६ लिटर खाते, पोर्टचा पाइप १.२, आतला आडवा आधार आणि पट्ट्या २. म्हणून आतली मापं ४०० × ४७० × ३५० मिमी घेतली, म्हणजे ६५.८ लिटर.

पोर्ट म्हणजे रिकाम्या बाटलीच्या तोंडावर फुंकर घातल्यावर जे घुमतं तेच. मानेतली हवा वजनासारखी आणि पोटातली हवा स्प्रिंगसारखी वागते. मी बाजारात सहज मिळणारा ११० मिमीचा पीव्हीसी पाइप वापरला, आतला व्यास १०४ मिमी. सूत्राने लांबी १२.५ सेंमी आली. एकाऐवजी दोन पाइप घेतले असते तर हवेचा वेग निम्मा झाला असता, पण प्रत्येकाची लांबी ३२ सेंमीच्या वर गेली असती आणि ३५ सेंमी खोलीच्या खोक्यात त्याचं मागचं तोंड भिंतीच्या फार जवळ गेलं असतं. म्हणून एकच.

प्लाय १८ मिमी. ८ बाय ४ फुटांच्या अर्ध्या शीटमध्ये एक खोका बसतो. कापणीची गोष्ट उद्या लिहितो, ती मोठी आहे.

*

खर्ज (मडगाव) | शनिवार, रात्री ११:०५

वाचतेय, पुढच्या भागाच्या प्रतीक्षेत. बाटलीवरून आठवलं, आमच्याकडे घुमट वाजवताना हेच होतं. मातीच्या मडक्याच्या मोठ्या तोंडावर चामडं आणि मागचं लहान तोंड मोकळं. वाजवणारा डाव्या हाताने ते लहान तोंड झाकतो-उघडतो आणि नाद खाली-वर करतो. तोंड झाकलं की नाद उतरतो. माझे वडील आरत्यांना घुमट वाजवायचे. पोर्टचं गणित शिकले तेव्हा मला पहिल्यांदा त्यांचा हात आठवला.

एक विचारायचं होतं. चार तारांच्या बेसची सगळ्यात जाड तार ४१.२ हर्ट्झ, मग ५५, ७३.४ आणि ९८. तुमचा पोर्ट ४६ वर आहे. जाड तार त्याच्या खाली नाही का जात?

*

मंद्रसप्तक (पुणे) | रविवार, सकाळी ८:१५

खर्ज, घुमटाचं वाचून बरं वाटलं. हो, जाड तारेचा मूळ स्वर पोर्टच्या थोडा खाली जातो. पण बेसच्या तारेत मूळ स्वरापेक्षा दुप्पट कंपनाचा स्वर, इथे ८२.४, बहुतेक वेळा जास्त जोरात असतो, आणि कानाला स्वर कळतो तो त्यावरून. जुन्या, नावाजलेल्या कितीतरी कॅबिनेटांचा आवाज ४१ हर्ट्झच्या बराच आधी उतरायला लागतो आणि तरी ती स्टेजवर भरून वाजतात. पाच तारांच्या बेससाठी मात्र (३०.९ हर्ट्झ) अ‍ॅम्पच्या आधी ३५ च्या आसपास हाय-पास फिल्टर (त्याखालची कंपनं अडवणारा) लावा. पोर्टच्या खालच्या कंपनांना आतली हवा पडद्याला आवरत नाही, तो मोकाट हलतो आणि वूफर निकामी होऊ शकतो.

आता कापणी.

सॉफ्टवेअरमध्ये खोका काढला. बाजूच्या फळ्यांत ६ मिमी खोल खाचा, त्यांत पुढची, मागची फळी आणि मधला आधार बसणार. खाचांची रुंदी लिहिली १८, कारण प्लाय १८ ची. डीएक्सएफ फाइल (मशीनला वाचता येणारं रेखाचित्र) एका जॉबवर्कवाल्याकडे दिली. अर्ध्या तासात सगळे भाग कापून हातात आले, वूफरचा गोल इतका स्वच्छ की त्यावरून बोट फिरवत बसलो.

घरी आणून जोडायला घेतलं तर प्रत्येक फळी खाचेत डुलते. व्हर्नियर लावून जाडी मोजली. प्लाय १७.३ भरला. म्हणजे प्रत्येक सांध्यात पाऊण मिलिमीटरच्या जवळ फट. मशीनने माझ्या आकड्याशी इमान राखलं होतं, आकडाच चुकीचा होता. लाकडाच्या भुशात फेविकॉल कालवून फटी भरल्या, शिकंजे आवळले, दोन दिवस वाळू दिलं.

वाळल्यावर तो लगदा आकसला. वूफर लावून ४० हर्ट्झचा स्वर सोडला तर कोपऱ्यातून फुस्स फुस्स आवाज. कुठून ते कळेना. शेवटी आईने देवघरातली उदबत्ती आणून दिली. सांध्याजवळून हळूहळू फिरवली तर तीन ठिकाणी धूर झटके देत बाहेर ढकलला जात होता. एवढ्याशा फटींनी काय होणार असं वाटू शकतं, पण आतला दाब तिथून निसटतो, पोर्टला जोर मिळत नाही आणि खालचा आवाज पोकळ होतो. सिलिकॉन भरून पाहिलं, दोन फटी बुजल्या. पण आधारच सैल असल्याने बाजूची फळी ताशासारखी थरथरत राहिली. तो खोका मी सोडून दिला.

दुसऱ्या वेळी नवीन शीटची जाडी दहा ठिकाणी मोजली: १७.१ ते १७.४. खाच १७.५ ठेवली. फळ्या हाताने दाबून, शेवटी रबरी हातोड्याच्या दोन टोल्यांनी बसल्या. शिकंजे लावायच्या आधीच खोका काटकोनात उभा होता.

*

जीकोड (नाशिक) | रविवार, दुपारी १:३०

मी अंबडला (नाशिकची औद्योगिक वसाहत) गेली नऊ वर्षं राउटर चालवतो, फर्निचरचंच काम जास्त. मंद्रसप्तक यांनी जे भोगलं ते घेऊन महिन्यातून दोन-तीन जण माझ्याकडे येतात. म्हणून जरा सविस्तर लिहितो.

जाडी मोजणं पहिलं. पण बिटही (राउटरचं फिरणारं पातं) मोजा. ६ मिमीचा बिट धार लावून आला की ५.९ होतो, आणि फाइलमध्ये ६ च लिहिलेलं असतं. मग खाच ०.१ ने अरुंद येते आणि दोष प्लायवर जातो. माझी पद्धत अशी: त्याच शीटच्या कोपऱ्यात १७.३, १७.४, १७.५, १७.६ अशा चार छोट्या खाचा कापायच्या, त्याच शीटचा तुकडा चारही खाचांत घालून बघायचा आणि हाताला जी पटेल ती रुंदी फाइलमध्ये भरायची. पाच मिनिटांचं काम आहे. ग्राहक म्हणतो वेळ कशाला घालवता, तरी मी करतो.

खोलीचा शून्य कुठून घ्यायचा, हेही ठरवून घ्या. खाचांसाठी शून्य शीटच्या वरच्या पृष्ठभागावरून, कारण तिथे ६ मिमी म्हणजे सहाच हवेत. आरपार कापायचं तेव्हा शून्य मशीनच्या बेडवर अंथरलेल्या एमडीएफवरून (लाकडाचा बारीक भुसा दाबून केलेली फळी), म्हणजे जाडी कमी-जास्त असली तरी कापणी पूर्ण होते आणि बेडला फक्त ओरखडा जातो. दोन्ही कामं एकाच शून्यावर केली तर कुठे खाच उथळ राहते, कुठे फळी सुटत नाही.

आतला कोपरा गोल बिटने कधीच चौकोनी येत नाही. ६ मिमीच्या बिटने ३ मिमी त्रिज्येची गोलाई राहते आणि चौकोनी फळीचं टोक तिथे अडतं. एकतर फाइलमध्ये कोपऱ्याला बिटच्या मापाचा कान (थोडी बाहेर गेलेली गोल खाच) काढा, नाहीतर पटाशीने कोपरा मारा. कॅबिनेटला कान काढलात तर तो सांध्याच्या आत झाकला जाईल असा काढा, नाहीतर तिथूनच हवा गळेल.

प्लायला कॉम्प्रेशन बिट वापरा. त्याची खालची धार भुसा वर ओढते आणि वरची धार खाली दाबते, त्यामुळे दोन्ही बाजूंच्या पापुद्र्याला टवके उडत नाहीत. मात्र पहिलाच कट खालच्या धारेच्या लांबीपेक्षा खोल घ्यावा लागतो. १ मिमीने सुरुवात केलीत तर तो साध्या बिटसारखाच वरचा पापुद्रा उचकटेल. दोन धारांच्या बिटला मिनिटाला १८००० फेरे आणि ३००० मिमी चाल, म्हणजे प्रत्येक धार ०.०८ मिमीचा काप काढते. याहून फार हळू चाललात तर बिट कापण्याऐवजी घासतो, प्लाय जळून काळा पडतो आणि बिटची धार जाते. नवीन माणूस भीतीने चाल कमी करतो आणि तिथेच नुकसान होतं.

सुटणाऱ्या भागांना टॅब (शीटला धरून ठेवणारे न कापलेले छोटे तुकडे) ठेवा. वूफरचा गोल शेवटच्या फेरीत सुटला की बिटला अडकून उडतो, मी एकाचा हात थोडक्यात वाचलेला पाहिला आहे.

शेवटचं, आणि हे मनापासून सांगतो. मास्क लावा, आणि तो रुमाल नको, एन-९५ घ्या. आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्थेने लाकडाचा भुसा पहिल्या गटात, म्हणजे माणसाला कर्करोग होतो हे सिद्ध झालेल्या गोष्टींत धरला आहे. एमडीएफचा भुसा तर पिठाहून बारीक असतो. आमच्या वडिलांच्या पिढीतल्या सुतारांचा खोकला आम्ही ऐकलेला आहे.

*

रंधा (सांगली) | रविवार, सायंकाळी ६:२०

मी सुतार. वडील आणि आजोबाही सुतारच. जीकोड भाऊंनी लिहिलेलं बिनचूक आहे. तरी दोन शब्द बोलतो.

साध्या खोक्याला मशीनच पाहिजे असं नाही. सरळ कापाला टेबल सॉ आणि गोलाला हातराउटर, त्याला पट्टीचा कंपास. एका खोक्यासाठी मी मशीनकडे जाणार नाही. हातानं फळी बसवताना जाडीचा फरक आपोआप कळतो, कारण आपण खाच फळीवर आखून काढतो, आकड्यावर नाही. हीच गोष्ट मशीनवाल्याने आधी मोजून करायची.

पण खरा घोळ प्लायमध्ये असतो. स्वस्त प्लायच्या पोटात थरांच्या मध्ये पोकळ्या असतात. कपाटाला चालतं, स्पीकरला नाही. वूफर वाजला की ती पोकळी माशीसारखी गुणगुणते आणि माणूस महिनाभर स्क्रू आवळत बसतो. दुकानातच शीट उभी करून बोटाच्या पेरांनी सगळीकडे टकटक करा. आवाज एकसारखा आला पाहिजे. कडेचे थर बघा. शिक्का बघा: आयएस ३०३ बीडब्ल्यूआर (उकळत्या पाण्यातही टिकणारा) घ्या, किंवा मरीन हवा असेल तर आयएस ७१०. कॅलिब्रेटेड म्हणून मिळतो त्याची जाडी बऱ्यापैकी एकसारखी असते, चार पैसे जास्त जातात पण मशीनवर कापायचं असेल तर तोच घ्या.

फेविकॉलात भुसा कालवून फट भरणं हे डागडुजीचं काम. सांध्याला ताकद येते ती लाकूड लाकडाला भिडल्यावर. गोंद दोन्ही बाजूंना पातळ लावा, शिकंजा आवळल्यावर कडेने बारीक मणी आले पाहिजेत. नाही आले तर गोंद कमी पडला. मग आतल्या कोपऱ्यांत बोटाने परत एकदा गोंदाची रेघ ओढा, हवा तिथेच थांबते.

*

मंद्रसप्तक (पुणे) | रविवार, रात्री १०:००

रंधा दादा, "खाच फळीवर आखून काढतो" हे वाक्य मी लिहून ठेवलं आहे. माझ्यासारख्याला हातराउटरने वूफरचा गोल नीट येईना, म्हणून मशीनकडे गेलो. आणि एक फायदा सांगतो. पोर्टच्या तोंडाची कड मशीनवर १२ मिमी त्रिज्येने गोल करून घेतली, तशी एकसारखी मला हाताने जमली नसती. धारदार कडेवर हवा फाटते आणि जोरात वाजवताना पोर्ट फुरफुरतो. गोल कडेने तो बराच शांत झाला.

*

हडसनकाठ (न्यू जर्सी) | सोमवार, पहाटे ५:१०

इथे गॅरेजमध्ये छोटा राउटर आहे, त्यावर मी असे दोन खोके केले. आम्ही बाल्टिक बर्च वापरतो. १८ मिमीत १३ थर, सगळे बर्चचेच, पोकळ्या जवळजवळ नाहीत. त्याच्या शीट ५ बाय ५ फुटांच्या येतात, त्यामुळे भारतातली मांडणी इथे तशीच चालत नाही. हा माल बराचसा रशियातून यायचा, २०२२ मध्ये त्यावरचा आयातकर वाढला आणि भाव चढले. मी दुसरा खोका १२ मिमीचा केला आणि आत आडवे-उभे दोन आधार टाकले. वजन खूप उतरलं, आवाजात मला फरक कळला नाही. फळी जाड करण्यापेक्षा ती मध्येच धरून ठेवणं जास्त उपयोगाचं आहे. आधार मात्र बरोबर मध्यावर लावू नका, थोडा एका बाजूला सरकवा. मध्यावर लावला की फळीचे दोन्ही भाग सारखे होतात आणि एकाच स्वराला दोघं मिळून थरथरतात.

*

साउंडवाला_कराड | सोमवार, दुपारी १२:४५

आमचा भाड्याने साउंड द्यायचा धंदा आहे. हेच माप दीडपटीने वाढवून १८ इंची बेस करता येईल का? मंडळाच्या कार्यक्रमाला पाहिजे.

*

मंद्रसप्तक (पुणे) | सोमवार, दुपारी ३:३०

नको दादा. मापं वाढवून खोका मोठा होत नाही. प्रत्येक बाजू दीडपट केली तर आतली हवा जवळजवळ ३.४ पट होते. १८ इंचीच्या कागदावरचे तीन आकडे वेगळे असतील, त्यांवरून नव्याने हिशेब करावा लागेल. आकडे इथे टाका, मी बसून करून देतो. पोर्ट बराच मोठा लागेल, तिथे पाइपपेक्षा खालच्या बाजूला फळीचाच आडवा पोर्ट सोयीचा.

*

खर्ज (मडगाव) | सोमवार, सायंकाळी ७:०५

दादा, धंदा तुमचा आहे, तुम्हाला जास्त माहिती. एक काळजी म्हणून लिहिते. वस्तीत दिवसा ५५ आणि रात्री ४५ डेसिबल ही २००० सालच्या ध्वनिप्रदूषण नियमांतली मर्यादा आहे. आणि बेस भिंतीतून पलीकडे जातो, तो वरच्या स्वरांसारखा अडत नाही. माझी आजी शेवटची दोन वर्षं अंथरुणावर होती. गाणं ऐकू यायचं नाही, पलंग मात्र हलायचा. चांगला खोका कमी आवाजातही भरलेला वाजतो, त्यासाठीच तो नीट बांधायचा.

*

नवशिका_बेस (लातूर) | मंगळवार, रात्री ९:१५

सगळं दोनदा वाचलं. पुढच्या महिन्यात बांधायला घेतोय, आमच्या गावात एक राउटरवाला आहे. पोर्ट खरंच ४६ वर लागला की नाही हे कसं समजतं? माझ्याकडे मोजायचं मशीन नाही.

*

मंद्रसप्तक (पुणे) | बुधवार, सकाळी ७:५०

मशीन लागत नाही. मल्टिमीटर, १०० ओमचा ५ वॅटचा एक रेझिस्टर आणि मोबाइलवरचं टोन जनरेटर पुरतं. रेझिस्टर मी पुण्यात पासोड्या विठोबाच्या देवळाजवळच्या एका दुकानातून आणला.

अ‍ॅम्पच्या आउटपुटमधून एक तार रेझिस्टरला, रेझिस्टरमधून वूफरला, वूफरमधून परत अ‍ॅम्पला. मल्टिमीटर एसी व्होल्टवर ठेवून वूफरच्या दोन टोकांना लावा. अ‍ॅम्प ४-५ व्होल्ट देईल एवढाच उघडा. आता २० हर्ट्झपासून एकेक हर्ट्झ वर जा आणि वहीत आकडे लिहा. व्होल्टेज चढेल, उतरेल, परत चढेल. दोन डोंगर आणि मध्ये दरी. दरीचा तळ जिथे, तिथे तुमचा पोर्ट. एक सूचना: व्हॉल्व्हच्या अ‍ॅम्पवर हा प्रयोग करू नका, त्याला योग्य लोड नसेल तर ट्रान्सफॉर्मर जाऊ शकतो.

मी पाइप मुद्दाम लांब, १४ सेंमी ठेवला होता, कारण कापता येतो, जोडता येत नाही. हिशेबाने १४ ला ४४ हर्ट्झ यायला हवा होता, दरी ४३ वर सापडली. माझा पोर्ट खालच्या कोपऱ्यात आहे. जवळच्या दोन भिंतींमुळे पाइपच्या तोंडापुढची आणखी थोडी हवा त्याच्याबरोबर हलते, म्हणजे पाइप आहे त्याहून लांब असल्यासारखा वागतो. अर्धा-अर्धा सेंमी कापत गेलो आणि प्रत्येक वेळी मोजलं. ११ सेंमीवर ४६ आला, म्हणजे सूत्राच्या १२.५ पेक्षा दीड सेंमी कमी. ही लांबी बॅफलची (पुढच्या फळीची) जाडी धरून आहे, ते विसरू नका.

पहिल्या, गळक्या खोक्यावर हेच मोजलं होतं तेव्हा दोन डोंगर बुटके आणि बसके आले होते. गळती आहे की नाही हे डोंगरांच्या उंचीवरूनही कळतं, पण कुठे आहे ते उदबत्तीच सांगते.

बाकी राहिलेलं: आतून पोर्टचं तोंड सोडून भिंतींना उशीत भरायचा पॉलिस्टर कापूस स्टेपल केला. वूफर एम-५ च्या आठ टी-नटांवर (लाकडात ठोकून बसवायचे लोखंडी नट) बसवला, लाकडी स्क्रू दोन-तीनदा काढले-घातले की सैल होतात. कनेक्टर स्पीकॉन, तो ओढून निघत नाही. पूर्ण खोक्याचं वजन १९ किलो. कालच्या सरावात ड्रमवाला मित्र पहिल्यांदाच म्हणाला, जरा कमी कर.

*

नवशिका_बेस (लातूर) | शुक्रवार, सायंकाळी ६:४०

आज शीट आणली, टकटक करून. दहा ठिकाणी मोजली. १६.८ ते १७.२ आहे. दुकानदार १८ च म्हणत होता. खाच किती ठेवू?

*

जीकोड (नाशिक) | शुक्रवार, सायंकाळी ७:१०

१७.३ पासून सुरू करा. आणि त्या राउटरवाल्याला सांगून आधी कोपऱ्यात चार खाचा कापून घ्या. तुकडा हाताने आत गेला पाहिजे आणि उलटा धरल्यावर पडता कामा नये.